आधी पाण्याची वयख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या साक्रीत पोहायला शिकायचं म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काठावरच्या एखाद्या थोरल्या भावानं मागून ढकलायचं आणि नाकातोंडात पाणी जाऊनही वर आलो, की आपण पोहायला शिकलो. एवढाच अभ्यासक्रम. पुढचं शिक्षण कान नदीच्या डोहात आणि पावसाळा सरला की पांझरेच्या बंधाऱ्यांवर. अशाच पाण्यात वाढलेल्या माझ्या पुतण्याचा दिवाळीच्या सुट्टीआधी फोन आला. "काका, आम्ही पाच-सहा जण मालवणला चाललो. स्कुबा डायव्हिंग करणार. तुम्ही करून आलात ना? काय तयारी लागते?" मी विचारलं, "तुझी काय तयारी आहे?" तो हसून म्हणाला, "काका, साठ फुटी विहिरीच्या काठावरून उडी मारतो मी. समुद्राचं काय घेऊन बसलात?"

त्याच्या या उत्तरावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. त्याचा आत्मविश्वास खोटा नव्हता. मुलगा खरोखरच चांगला पोहतो. पण ती विहीर त्याच्या ओळखीची आहे. तिच्यात कपार कुठं आहे, मोटारीचा पाइप कुठून जातो, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, हे त्याला न विचारता ठाऊक आहे. शेजारच्या गावातल्या विहिरीत तो तशीच उडी मारील का? आम्हाला पोहायला शिकवणारे एक म्हातारे आप्पा होते. ते अहिराणीत म्हणायचे, "पहिले पानीनी वयख कर, मंग उडी टाक." वयख म्हणजे ओळख. माणसानं पाण्याखाली उतरण्याचा जो इतिहास आहे, तो मला या एका वाक्यात मावणारा वाटतो. आज तोच थोडक्यात सांगतो.

आपल्या खानदेशात पाण्याची ओळख ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली विद्या आहे. पांझरा आपल्याच तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला उगम पावते आणि मुडावदला तापीला मिळते. तिच्या आणि कानच्या काठी शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी पाटातून फडात न्यायचं आणि प्रत्येकाच्या शेताला पाळीपाळीनं द्यायचं. हे काम करणारा पाटकरी कुठल्या शाळेत शिकत नव्हता. आधीच्या पाटकऱ्याच्या मागं पाटाच्या काठानं चालून तो शिकायचा. कुठं पाट झिरपतो, कुठल्या वळणाला गाळ बसतो, पाणी शेवटच्या शेतापर्यंत जायला किती वेळ घेतं, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असे. पण त्याची ही विद्या त्याच्या बंधाऱ्यापुरती. दुसऱ्या बंधाऱ्यावर त्यालाही पुन्हा चालत जाऊनच शिकावं लागे.

जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरायचं असेल, तर आपल्याकडची जाणती माणसं आधी दोराला बांधून पेटता दिवा खाली सोडतात. दिवा विझला तर उतरायचं नाही, कारण तळाशी साचलेल्या वायूत माणूसही तसाच गुदमरतो. आणि नदीची गोष्ट तर धुळेकरांना सांगायलाच नको. ऊन धुळ्यात असतं, पाऊस वर पिंपळनेरच्या डोंगरात पडतो आणि काही तासांत लोंढा खाली येतो. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेनं असाच हाहाकार केला आणि धुळ्यातली घरंच्या घरं वाहून नेली. समोरचं पाणी शांत आहे, एवढ्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा नसतो, हे आपल्या मातीला फार पूर्वीच कळलेलं आहे.

आता समुद्राकडे वळू. यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस समुद्रात बुडी मारत होता. तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे पायाशी जड दगड घेऊन, एका श्वासात तळ गाठत. वर्षभर नव्हे, तर साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास. कारण दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या त्या दिवसांतच तिथलं पाणी शांत आणि नितळ असे. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं, दाबमापक नव्हता. होता तो त्या आखाताचा अनुभव.

मग यंत्रं आली आणि माणसाचा धीर वाढला. एकोणिसाव्या शतकात तांब्याचं शिरस्त्राण, रबरी पोशाख आणि वरून नळीनं हवा पुरवणारा पंप आला. आता श्वास रोखायची गरज उरली नाही. १९०० साली ग्रीसच्या सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळं अँटिकिथेरा नावाच्या छोट्या बेटाच्या आश्रयाला थांबले. रिकामा वेळ म्हणून तिथं बुडी मारली, तर तळाशी प्राचीन जहाज सापडलं. ब्राँझचे आणि संगमरवराचे पुतळे, आणि पुढं जगप्रसिद्ध झालेलं दातेरी चाकांचं खगोलयंत्र. पण पाणी जवळजवळ पंचेचाळीस मीटर खोल होतं. आपल्या धंद्यात मुरलेली ही माणसं सरकारच्या विनंतीवरून त्या खोलीत पुन:पुन्हा उतरत राहिली. ते काम संपेपर्यंत त्यांच्यातला एक मरण पावला आणि दोघं जन्माचे लुळे झाले.

असं का झालं, याचं उत्तर खरं तर तोवर पुस्तकात आलेलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानं १८७८ साली ते मांडलं होतं. खोल पाण्यात दाब वाढतो. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. माणूस हळूहळू वर आला, तर तो वायू श्वासावाटे निघून जातो. झटक्यानं वर आला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर व्हावं तसे शरीरात बुडबुडे होतात. पुढं जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यायचं, याचे तक्ते १९०८ साली प्रसिद्ध केले. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचा छोटा संगणक त्याच हिशेबाचा वारस आहे.

पाठीवर टाकी घेऊन मोकळं फिरण्याचा, म्हणजे आजच्या स्कुबाचा, काळ सुरू झाला तो १९४३ साली. फ्रेंच नौदलातला अधिकारी जॅक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी, हवा मागितली तेवढीच देणारी झडप तयार केली. तिची पहिली परीक्षा पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली. आडवं पोहताना हवा नीट येई, उभं राहिलं की वाया जाई आणि डोकं खाली केलं की अडखळे. तो दोष काढून मग ती भूमध्य समुद्रात उतरवली गेली. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. कारण स्कुबाचं बाळपण ज्या समुद्रात गेलं, तो समुद्र निर्मळ आणि जवळजवळ भरती-ओहोटी नसलेला आहे. भूमध्य समुद्राचं पाणी बहुतेक किनाऱ्यांवर वीतभर, फार तर हातभर वरखाली होतं. आपल्याकडे मालवणला उधाणाच्या दिवशी ते दोन मीटरच्या आसपास चढतं, मुंबईला चार-पाच मीटर, आणि आपली तापी ज्या बाजूला समुद्राला मिळते, त्या खंभातच्या आखातात वरच्या टोकाला दहा मीटरच्या घरात. टाकी तीच, झडप तीच. पाणी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं.

मालवणच्या समुद्राचा वेगळेपणा सर्वांत आधी कोणी ओळखला असेल, तर तो शिवाजी महाराजांनी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. या बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक आहेत. वाट ठाऊक नसलेलं जहाज आलं, तर तळ फाटलाच म्हणून समजा. ही जागा दाखवणाऱ्या स्थानिक कोळ्यांना महाराजांनी गावं इनाम दिली, असं तिकडं अजून सांगतात. म्हणजे तटबंदी उभी राहण्याआधीच समुद्रानं एक तट बांधून ठेवला होता आणि त्याची वाट फक्त तिथल्या माणसांना माहीत होती. आज तेच खडक प्रवाळांचं आणि रंगीत माशांचं घर आहेत. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढं राज्याच्या पर्यटन महामंडळानं तारकर्लीला स्कुबाचं प्रशिक्षण सुरू केलं आणि आपल्या पोरांचे फोन मालवणकडे जाऊ लागले.

मालवणला गेल्यावर मी एका वयस्कर मच्छीमाराशेजारी वाळूत बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, "आज तिथी कुठली?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "तिथी माहीत नाही आणि पाण्यात जाणार?" त्यांचा हिशेब आपल्यालाही सहज जमेल असा आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि येताजाताना ओढही जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. चढउतार कमी, ओढ मवाळ. आणि भरतीची वेळ काढायची, तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पुन्हा साधारण साडेबारा तासांनी दुसरी. आपल्या स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवरून समुद्राची वेळ कळते!

पण थांबा. हा आडाखा मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर जास्त बरोबर येतो. तिथून दक्षिणेकडे जावं, तशी भरतीची वेळ थोडी अलीकडे सरकते. शिवाय नदीच्या मुखाशी सगळा हिशेब पुन्हा बदलतो. तारकर्लीच्या पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली, की नदीचं आणि भरतीनं आत शिरलेलं, असं दोन्ही पाणी एकदम बाहेर पडू लागतं. पांझरेच्या प्रवाहात पोहलेला माणूस अशा वेळी उलट दिशेनं हात मारत राहतो आणि थकतो. नदीत एक बाजू वरची, एक खालची. इथं मात्र सहा तासांपूर्वी पाणी ज्या दिशेनं जात होतं, त्याच्या उलट आता जात असतं.

ऋतूचंही तसंच. पावसाळ्यात आमच्या नद्या जिवंत होतात, तर तेव्हाच तिकडचा समुद्र बंद होतो. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत कोकण किनाऱ्यावरचे जलक्रीडा आणि प्रवासी होड्यांचे व्यवहार थांबवले जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मच्छीमार होड्या पाण्यात लोटतात, त्यामागं श्रद्धा आहे आणि शेकडो वर्षांचं निरीक्षणही आहे. त्यानंतरही नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. पाणी स्वच्छ दिसू लागतं ते साधारण दिवाळीनंतर. मेच्या शेवटच्या दिवसांत आकाश निरभ्र असलं, तरी दूरच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा किनाऱ्यावर येऊ लागलेल्या असतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. ही माणसं पाण्याखालून सुखरूप वर आलेली होती. म्हणून मी म्हणतो, तयारी फक्त बुडीची करायची नसते. होडीत चढल्यापासून वाळूवर पाय टेकेपर्यंतची करायची असते. अंगात लाइफ जॅकेट आहे का, होडीत माणसं जास्त नाहीत ना, हे विचारण्यात लाज कसली?

हौशी माणसांचं सोडा, या विषयातल्या जाणकारांनाही हे चुकलेलं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. लोथलचं उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव त्याचे प्रमुख होते. जमिनीवर आयुष्यभर खणलेल्या विद्वानांना द्वारकेच्या समुद्रात लाटा, प्रवाह आणि गढूळपणा यांच्याशी जमवून घेत दगडी नांगर आणि बांधकामांचे अवशेष शोधावे लागले. पुढं गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात. पाणी तिथं जेमतेम दोन पुरुष खोल. पण उथळ खडकावर लाट फुटते, तेव्हा पाण्याखालच्या माणसालाही ती झोपाळ्यासारखी पुढंमागं ओढते. खोल पाणी तेवढं धोक्याचं आणि उथळ पाणी सोपं, ही आपली समजूत समुद्र मानत नाही. जहाज बुडालं तेही उथळ जागी आपटूनच.

आता एक गोष्ट, जी आपल्यासारख्या घाटावरच्या माणसांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. हाल्डेनचे तक्ते समुद्रसपाटीसाठी होते. डोंगरातल्या तळ्यात बुडी मारली तर? वर आल्यावर बाहेरच्या हवेचाच दाब कमी, त्यामुळं शरीरातले बुडबुडे अधिक सहज तयार होतात. स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशात हा प्रश्न रोजचा. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी त्यावर अनेक वर्षं काम करून उंचीवरच्या बुडीसाठी वेगळे तक्ते बनवले. १९८७ साली दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरात, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, त्यांची प्रत्यक्ष कसोटी घेतली गेली. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो.

तुम्ही म्हणाल, टिटिकाकाचं आम्हाला काय? सांगतो. प्रशिक्षणात साधारण तीनशे मीटरच्या वर गेलं, की उंचीचा हिशेब करायला शिकवतात. पिंपळनेरजवळचं आपलं लाटीपाडा धरण त्या रेषेच्या वर आहे. आणि त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे परतीचा प्रवास. सकाळी मालवणला बुडी, दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी गाडी आंबोलीच्या घाटात. आंबोली सुमारे सातशे मीटरवर. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. घाट चढणं म्हणजे धाकटं विमानच की! एक बुडी असेल तर किमान बारा तास आणि बऱ्याच बुड्या असतील तर अठरा तास खाली थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. सहा-सात मीटरच्या एका छोट्या हौशी बुडीनंतर धोका फारसा नसतो, हे खरं. पण आज हौशीची बुडी मारणारा उद्या अंदमानला जाऊन वीस-पंचवीस मीटर उतरणार असतो. सवय आजच लागलेली बरी. एक रात्र मालवणात राहा. दशावतार बघायला मिळाला तर तोही बघा.

उलट दिशेनं जाणाऱ्यालाही शिकावं लागतं. समुद्राचं पाणी मिठामुळं गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळं विहिरीत बुडणारा माणूस समुद्रात तरंगतो आणि खाली जायला त्याला कमरेला शिशाची वजनं जास्त लागतात. समुद्रात शिकलेला पाणबुडा तेवढीच वजनं बांधून धरणात उतरला, तर साहित्यासह ऐंशी किलोचा ऐवज दोन किलोनं जास्त जड ठरतो आणि तो थेट गाळात जातो. तळाशी पाय लागला की गाळ उठतो आणि हातापुढचं दिसेनासं होतं. त्यात बुडालेल्या बाभळी, जुने बांध, माशांची तुटकी जाळी. चार हात खाली गेलं की पाणी एकदम गार. मालवणच्या प्रवाळात शिकलेल्या माणसाला हे कोण सांगणार? पाटकरीच सांगणार. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी आपल्या धुळ्यात आहे. तिचे प्रशिक्षित जवान असले, तरी डोहात कोणी बुडाल्यावर "पाणी इथं भोवऱ्यात फिरवतं, खालच्या कपारीत बघा" हे सांगायला काठावरचा भोई नाहीतर कोळीच लागतो.

माझ्या स्वतःच्या बुडीची फजिती सांगतो आणि संपवतो. उतरण्यापूर्वी मार्गदर्शक मुलानं किनाऱ्यावर खुणा शिकवल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की सगळं ठीक. अंगठा वर केला की वर चला. माझं लक्ष होतं फोटोकडे. खाली गेल्यावर पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखू लागले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्यावर कान मोकळे झाले. मग समोर निळे-पिवळे मासे आले आणि मी आनंदानं मार्गदर्शकाला अंगठा दाखवला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'एकदम झकास'. त्यानं मला धरून सरळ वर आणलं! होडीत बसल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हीच तर वर चला म्हणालात." चूक माझी होती. नव्या ठिकाणची भाषा मी नीट ऐकली नव्हती. पाण्याखाली तर बोलून खुलासा करायचीही सोय नसते. मला नुसती बुडी गमवावी लागली. त्याच अंगठ्याचा अर्थ मला उलटा समजला असता आणि खरंच वर यायची गरज असती, तर?

तेव्हा पुतण्याला मी एवढंच सांगितलं. सर्दी असेल तर उतरू नकोस, कान उघडणार नाहीत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेला मित्र बरोबर असेल, तर अर्जात ते लपवू देऊ नकोस. श्वास कधीही रोखून धरू नकोस. विहिरीतली ती सवय इथं सोडायची, कारण दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाडू शकते. काही हातात धरू नकोस. सुंदर दिसणारे कित्येक मासे विषारी काट्याचे असतात आणि प्रवाळ तर हात लागला तरी मरतो. पहिली बुडी छोटी ठेव. आणि उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचार, "आज पाणी कसं आहे?" तो "आज नको" म्हणाला, तर पैसे बुडाले म्हणून वाद घालू नकोस. पैसे पुन्हा मिळवता येतात.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. मंडळी सुखरूप परतली होती. दोन दिवस वारा होता म्हणून तिथल्या लोकांनी थांबवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी बुडी मिळाली, त्या रात्री तिथंच मुक्काम केला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "काका, आपल्या लाटीपाड्यात असं काही करता येईल का?"

मी म्हटलं, "अरे, ते मला नको विचारूस. आधी धरणावर जा. परवानगीचं बघ, पाणी कुठून सोडतात ते बघ आणि तिथल्या पाटकऱ्याबरोबर काठानं एकदा चालून ये."